गणितानंद कापरेकर

विरारहून उत्तरेकडे निघालेली गाडी वैतरणा नदीचा पूल ओलांडते आणि सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर ही स्थानके मागे टाकीत डहाणूस पोहोचते. वसई-विरार भागातील मुलांस हा मार्ग परिचयाचा आहे. डहाणू म्हटले की चिकूच्या वाड्या आणि समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो. परंतु याच गावी जन्मास आलेल्या एका शाळामास्तराचे नाव आज देशोदेशींच्या गणितप्रेमी लोकांस ठाऊक आहे. संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या जे शिकतात, त्यांनाही हे नाव फार लवकर भेटते. ते नाव म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी झाला. त्या काळी डहाणू हे ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. वडील कारकुनी करीत. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. दत्तात्रेय आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि मुलाच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर पडला. पत्रिका मांडण्यास आकडेमोड फार लागते. वडिलांच्या शेजारी बसून दत्तात्रेय ती शिकला. पुढे ग्रहांचे शुभाशुभ मागे राहिले. आकड्यांची गोडी मात्र मनात कायमची रुजली. शब्दकोडी, अंककोडी, लांबलचक गुणाकार करण्याच्या आखूड युक्त्या यांत तो तासन्‌तास रमून जाई.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. १९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिल्या क्रमांकाचा मान मिळवणारे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र लेखनासाठी एक पारितोषिक दिले जात असे. ते १९२७ साली कापरेकरांस मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. येथेच त्यांचे विद्यापीठातील शिक्षण संपले. गणितातील वरची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

लगेच नोकरी लागली. नाशिकजवळ देवळाली हे लष्करी छावणीचे गाव आहे. तेथील शाळेत ते गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक काळ, तेथेच राहिले. बढती, बदली, मोठ्या शहराची ओढ यांपैकी कशानेही त्यांच्या आयुष्याचा मार्ग वळला नाही. चरित्र लिहिणाऱ्यास यात सांगण्याजोगे फारसे सापडत नाही. दिवसा वर्गातील फळा आणि उरलेल्या वेळी स्वतःची वही, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे खरे चरित्र त्या वहीत आहे. म्हणून आपणही तीच उघडून पाहू.

एक कागद आणि पेन्सिल घ्यावी. चार अंकांची कोणतीही संख्या लिहावी; तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. उत्तरात तीनच अंक आले तर डावीकडे शून्य लिहून चार पुरे करावेत.

आपण कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० होतात, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ उणे १३५९ म्हणजे ८१७२. मग ८७२१ उणे १२७८ म्हणजे ७४४३. मग ७४४३ उणे ३४४७ म्हणजे ३९९६. मग ९९६३ उणे ३६९९ म्हणजे ६२६४. मग ६६४२ उणे २४६६ म्हणजे ४१७६. आणि शेवटी ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. आता पुढे जाण्याचा यत्न केला तरी जाता येत नाही. कारण ६१७४ चे अंक मांडून वजाबाकी केली की पुन्हा ६१७४ च येते.

दुसरे एखादे वर्ष घ्यावे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. ९७३१ उणे १३७९ म्हणजे ८३५२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. दोनच पायऱ्या लागल्या. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्या वर्षास तीन पायऱ्या लागतात. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत किंवा फार तर सातव्या पायरीस ६१७४ गाठावेच लागते. निरनिराळ्या डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी ओढ्याओढ्यांनी येऊन एकाच नदीस मिळावे, तसा हा प्रकार आहे.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला. पुढे अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात तो छापून आला. ६१७४ या संख्येस आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. तीन अंकी संख्यांच्या बाबतीत हेच स्थान ४९५ या संख्येस आहे. दोन अंकी संख्यांत मात्र असा मुक्काम नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असा फेरा अखंड चालू राहतो.

परंतु प्रत्येक संख्या ६१७४ पाशी येतेच, हे कशावरून? चार अंकी संख्या नऊ हजार. त्यांतून ११११, २२२२ अशा सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तरी ८९९१ उरतात. एवढ्या सगळ्या वहीत तपासावयाच्या म्हटल्या तर महिने जातील. पण थोडा विचार केला तर एवढे श्रम पडत नाहीत. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान या दोन अंकांतील अंतर काढावे व त्यास ९९९ ने गुणावे. मधल्या दोन अंकांतील अंतर काढून त्यास ९० ने गुणावे. दोहोंची बेरीज करावी. पहिल्या वजाबाकीचे उत्तर हेच असते. १९०५ मध्ये ९ आणि ० यांतील अंतर ९, तर ५ आणि १ यांतील अंतर ४. म्हणून ८९९१ अधिक ३६० म्हणजे ९३५१. ही अंतरे १ ते ९ आणि ० ते ९ यांच्या पलीकडे जात नाहीत, आणि मधले अंतर बाहेरच्या अंतराहून मोठे असू शकत नाही. तेव्हा पहिल्या वजाबाकीची उत्तरे अवघी ५४ च संभवतात. चोपन्न उदाहरणे तर एखादा चिकाटीचा विद्यार्थी सुटीच्या एका दुपारी सोडवू शकेल.

कापरेकरांनी हा शोध लावला त्या वेळी भारतात एकही संगणक नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली चालू झाला. संगणकास समजेल अशा भाषाही तोवर नुकत्याच तयार होऊ लागल्या होत्या. अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेली 'फोरट्रान' ही भाषा १९५७ साली लोकांच्या हाती आली. अशा भाषेत यंत्रास काय सांगावयाचे असते? अमुक संख्या घे, तिचे अंक असे मांड, तसे मांड, वजाबाकी कर, उत्तर मागच्यासारखेच आले तर थांब, नाही तर पुन्हा आरंभापासून कर. वर आपण कागदावर जे केले ते यापेक्षा निराळे नव्हते. ठराविक पायऱ्यांनी उत्तराकडे नेणाऱ्या अशा रीतीस इंग्रजीत 'अल्गोरिदम' म्हणतात. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून तो शब्द आला आहे. कापरेकरांनी कोणतीही संगणकभाषा निर्माण केली नाही. तथापि त्या भाषा शिकणाऱ्यांस जी कोडी आरंभी घातली जातात, त्यांत कापरेकरांची कोडी हमखास असतात. कारण त्यांचे गणित पायरी पायरीने चालणारे, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जाणारे आणि कोठे थांबावयाचे हे स्पष्ट सांगणारे आहे. आजचा संगणक त्या ८९९१ संख्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून देतो. ५४ च पुरेत, हे त्यास आपणहून सुचत नाही.

कापरेकरांच्या वहीत आणखीही पुष्कळ आहे. ४५ चा वर्ग २०२५. आता २० आणि २५ यांची बेरीज करा, पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. वर्गाचे दोन तुकडे करून जोडले असता जी संख्या आपले मूळ रूप परत मिळवते, तिला आता 'कापरेकर संख्या' असे म्हणतात.

नावे ठेवण्यात तर त्यांचा हातखंडा होता. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १२ ही हर्षद संख्या आहे, कारण १ आणि २ मिळून ३ होतात आणि ३ ने १२ ला भाग जातो. त्यांचे जन्मवर्ष १९०५ हेही हर्षदच आहे. त्यातील अंकांची बेरीज १५ होते, आणि १५ गुणिले १२७ म्हणजे १९०५. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा वर्ग १२३२१, अकराशे अकराचा वर्ग १२३४३२१. चढत जाऊन उतरणाऱ्या या संख्यांचा विचार त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकात सुचला. म्हणून त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यांस 'डेमलो' हे नाव दिले. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसास वेळ कसा घालवावा असा प्रश्न पडतो. कापरेकरांस तो पडत नसावा.

मला स्वतःला त्यांची 'स्वयंभू' संख्यांची कल्पना सर्वांत मनोहर वाटते. एखादी संख्या घेऊन तीत तिचेच अंक मिळवावेत. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८ होतात. २८ मध्ये २ आणि ८ मिळवले की ३८. त्यापुढे ४९, त्यापुढे ६२. ही मालिका संपत नाही. २३ ही २८ ची जननी झाली, असे म्हणता येईल. काही संख्यांस दोन जननी असतात. ९१ पासूनही १०१ मिळतात आणि १०० पासूनही १०१ च मिळतात. परंतु २० कोठून मिळतात? १ पासून १९ पर्यंतच्या सर्व संख्या तपासून पाहाव्यात. एकीपासूनही २० होत नाहीत. २० ला जननी नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. ज्यांचा उगम दुसऱ्या कोणत्याही संख्येत नाही, त्या स्वयंभू. कापरेकरांनी आपल्या गावाची आठवण ठेवून त्यांना 'देवळाली संख्या' असेही म्हटले. त्यांविषयी त्यांनी १९५९ आणि १९६३ साली इंग्रजीत पुस्तिका लिहिल्या.

या पुस्तिका कोणा मोठ्या प्रकाशकाने काढलेल्या नव्हत्या; त्या त्यांनी स्वतःच छापवून घेतल्या. काही लेख फारशा प्रसिद्ध नसलेल्या नियतकालिकांतून आले. गणित परिषदांस ते जात, तेथे आपले निष्कर्ष मांडत. विद्यापीठांतील अनेक विद्वानांस मात्र हे सारे क्षुल्लक वाटे. शाळेतील मास्तर अंकांचे खेळ करतो, यापलीकडे त्यांनी त्याकडे पाहिले नाही.

त्या विद्वानांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ ला हे माहात्म्य आले आहे. आठाच्या किंवा बाराच्या पटीत मोजणारे लोक असते, तर त्यांच्या दृष्टीने ६१७४ मध्ये विशेष असे काही नसते. पाच अंकी संख्या घेतल्या तर त्या एका ठिकाणी येऊन थांबत नाहीत, फेऱ्यांत सापडतात. कापरेकरांनी गणिताची नवी शाखा स्थापन केली नाही, की निसर्गाचा एखादा नियम उलगडून दाखवला नाही. पण सर्वांच्या हाताखालून रोज जाणाऱ्या दहा अंकांत कोणाच्याच नजरेस न पडलेली गोष्ट पाहणे हेही लहान काम नव्हे. शिवाय जे कोडे सांगावयास एक मिनिट लागते आणि सुटले म्हणजे आठ वर्षांच्या मुलासही हसू येते, ते क्षुल्लक ठरवण्याची घाई का करावी? अवहेलना त्यांच्या वाट्यास आली. तिच्यापायी त्यांनी वही मात्र मिटली नाही. शाळाशाळांतून त्यांना बोलावणे येई आणि मुलांपुढे ते आपले अंक मांडीत. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणू लागले.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले. साठी ओलांडलेल्या कापरेकरांनी पुन्हा गणित आणि विज्ञान यांच्या शिकवण्या धरल्या. पोटापुरते मिळवावयाचे आणि उरलेला वेळ अंकांस द्यावयाचा, हा त्यांचा जुनाच क्रम पुन्हा चालू झाला. १९७३ साली कोपर्निकस या ज्योतिर्विदाच्या जन्मास पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने त्यांनी एक जादूचा चौरस रचला. त्याविषयीचा त्यांचा लेख पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. लहानपणी वडिलांजवळ ग्रहांची गणिते शिकलेल्या या माणसास ग्रहांचा खरा मार्ग दाखवणाऱ्या कोपर्निकसची आठवण व्हावी, यात नवल नाही.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर हे लेखक गणितातील मनोरंजक गोष्टींवर दरमहा एक सदर लिहीत. जगभरचे गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि हौशी वाचक ते सदर आवडीने वाचीत. त्या महिन्याच्या लेखात गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्या यांची ओळख करून दिली. देवळालीत छापलेल्या पातळ पुस्तिकांतील विषय एकाएकी देशोदेशींच्या वाचकांपुढे आला. संगणक तोवर विद्यापीठांतून पसरले होते. कोणी यंत्राकडून मोठमोठ्या कापरेकर संख्या शोधून घेऊ लागले, कोणी पाच, सहा, सात अंकांच्या संख्यांचे फेरे मोजू लागले, कोणी दहाऐवजी दुसऱ्या पटीत मोजून ६१७४ चे भाईबंद शोधू लागले. ज्या मर्यादेमुळे विद्वानांनी पूर्वी नाक मुरडले होते, तीच आता नव्या प्रश्नांचे दार झाली. या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

त्यानंतर ते अकरा वर्षे जगले. ज्या संशोधनास आपल्या देशात फारसे कोणी विचारीत नव्हते, ते परदेशात मान्य झाल्याचे त्यांना पाहावयास मिळाले. आयुष्याचा मार्ग मात्र बदलला नाही. ते मोठ्या शहरात गेले नाहीत, कोठले अध्यापकपदही त्यांच्याकडे चालून आले नाही. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्या वर्षाचे अंक मांडून पाहावेत. ९८६१ उणे १६८९ म्हणजे ८१७२. ही संख्या वर येऊन गेली आहे. १९०५ पासून निघालो असता दुसऱ्या पायरीवर आपल्याला हीच भेटली होती. तेथून पुढे जन्मवर्षाची आणि मृत्युवर्षाची वाट एकच होते: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.